गुऱ्हाळावरचा ताळेबंद

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही शिरूर अनंतपाळजवळच्या एका शेतात आंबील प्यायला गेलो होतो. तिथे आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. बारावीला रसायनशास्त्रात नव्वदच्या पुढे गुण मिळवून तो रासायनिक अभियांत्रिकीला गेला होता. पहिल्या सत्राची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आला होता आणि चेहरा पार उतरलेला होता. चौकशी केली तेव्हा म्हणाला, "सर, विषयाच्या नावात रसायन आहे, पण त्यात रसायन कुठंच नाही. नुसते पाइप, टाक्या आणि हिशेब. एकही गणित सुटत नाही. मी शाखा बदलावी म्हणतो."

हे आम्ही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. आमच्या भागातली मुले अभ्यासात कमी पडत नाहीत. 'लातूर पॅटर्न'ची ख्याती राज्यभर आहे आणि ती कष्टाने मिळवलेली आहे. तरीही रासायनिक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात अनेक हुशार मुले गोंधळून जातात. आमच्या मते त्याचे कारण बुद्धीत नसते. आपण शाळेत द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवतो, मुले तो पाठ करतात, एका गुणाला उत्तर लिहितात आणि विसरतात. त्या नियमाने काम करून घ्यायचे असते, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. रासायनिक अभियंत्याचा निम्मा व्यवसाय मात्र त्या एका नियमावर चालतो.

त्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, "उद्या सकाळी वही घेऊन गुऱ्हाळावर ये."

सीमारेषा आणि आधार

गुऱ्हाळ आपल्या वाचकांनी पाहिलेले असतेच. चरकात ऊस जातो. एका बाजूने रस आणि दुसऱ्या बाजूने चिपाड निघते. रस काहिलीत पडतो, खाली चुलाण पेटलेले असते, वर मळी येते ती झाऱ्याने काढतात, रस आटत जातो, गुळव्या पाक तपासतो आणि शेवटी साच्यात ढेपा पडतात. हा सगळा खटाटोप म्हणजे एक छोटा रासायनिक कारखानाच आहे. दळणे, गाळणे, तापवणे, आटवणे, वाळवणे, स्फटिकीकरण या सर्व क्रिया इथे एका छपराखाली घडतात. यांनाच अभियंते एकक क्रिया म्हणतात. पदार्थ साखर असो, औषध असो वा खत असो, या क्रियांचे नियम बदलत नाहीत. हा विचार अमेरिकेत आर्थर लिट्ल यांनी १९१५ मध्ये ठामपणे मांडला. त्याआधी १८८७ मध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरला या विषयावर व्याख्याने दिली होती आणि १८८८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पहिला अभ्यासक्रम सुरू झाला होता. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये निघाला. त्याचीच आज रसायन तंत्रज्ञान संस्था झाली आहे आणि २०१८ पासून तिची एक शाखा आपल्या मराठवाड्यात, जालन्याला आहे. इतिहास एवढा पुरे. आपण काहिलीकडे वळू.

पहिली गोष्ट अशी, की हिशेब कशाचा करायचा ते आधी ठरवावे लागते. वहीत चरकाभोवती तुटक रेघेचा चौकोन काढायचा. ही झाली सीमारेषा. रेघ ओलांडून जे आत येते ते 'आवक', जे बाहेर जाते ते 'जावक', आणि आतच राहते तो 'साठा'. नियम इतकाच:

आवक − जावक = साठ्यातील वाढ

दुकानदाराचा गल्ला किंवा बँकेचे पासबुक याहून वेगळे काही सांगत नाही. फरक एवढाच, की निसर्गाच्या पासबुकात खाडाखोड चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आधार. किती मालाचा हिशेब करायचा ते आपणच ठरवायचे आणि मग शेवटपर्यंत बदलायचे नाही. आम्ही मोजून टनभर ऊस घेतला, म्हणजे १००० किलो. पुढचे आकडे सोयीसाठी थोडे गोलाकार केले आहेत.

चरकातून ६०० किलो रस निघाला. चिपाड तोलायची गरज होती का? मुलगा लगेच काट्याकडे निघाला. आम्ही त्याला थांबवले. १००० आत गेले, ६०० एका वाटेने बाहेर आले, चरकात काही साठले नाही, तर दुसऱ्या वाटेने ४०० किलोच जायला हवे. जे मोजणे अवघड आहे ते जे मोजणे सोपे आहे त्यावरून काढायचे, हीच तर या विद्येची पहिली कमाई आहे. (तरी नंतर चिपाड तोललेच. ३९० च्या आसपास भरले. बाकीचे चरकाच्या पट्ट्यावर, जमिनीवर आणि दोन म्हशींच्या पोटात गेले होते.)

आता घटकांचा ताळेबंद. गुऱ्हाळवाल्यांकडे ब्रिक्स मोजण्याचा काचेचा तरंगकाटा होता. त्याने रसाचा ब्रिक्स १८ दाखवला. याचा अर्थ १०० किलो रसात सुमारे १८ किलो विरघळलेले घन पदार्थ, त्यातही बहुतांश साखर, आणि बाकी पाणी. म्हणजे ६०० किलो रसात १०८ किलो घन आणि ४९२ किलो पाणी झाले. चांगल्या गुळात पाणी साधारण ५ टक्के धरले, तर उरलेल्या ९५ टक्क्यांत हे १०८ किलो बसले पाहिजेत. आटवताना फक्त पाणी उडते, साखर उडत नाही. जो घटक एका वाटेने आत येऊन एकाच वाटेने बाहेर जातो त्याला 'बांधील घटक' म्हणता येईल. त्याच्या दाव्याला सगळा हिशेब बांधता येतो. १०८ भागिले ०.९५, म्हणजे सुमारे ११४ किलो गूळ. आणि उडालेली वाफ ६०० वजा ११४, म्हणजे ४८६ किलो.

मुलाने हे उत्तर पाच मिनिटांत काढले. तो म्हणाला, "सर, एवढंच? पुस्तकात हेच गणित आहे, पण तिथं कॉस्टिक सोडा आहे." आम्ही म्हटले, "थांब. गूळ अजून पडायचा आहे."

न जुळलेला हिशेब

दुपारी ढेपा पडल्या. तोलल्या तर १०७ किलो. सात किलो गूळ गेला कुठे?

मुलाने आधी काट्यावर संशय घेतला, मग ब्रिक्सवर. गुळवेमामा चिलीम ओढत हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, मळी कुठं मोजली तुम्ही?" खरेच होते. वहीत काहिलीभोवती जो चौकोन काढला होता, त्याला आत जायला एक वाट आणि बाहेर पडायला दोन वाटा दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात आत यायला दोन वाटा होत्या आणि बाहेर जायला तीन. रस स्वच्छ करण्यासाठी मामांनी जंगली भेंडीचे चिकट पाणी घातले होते, ते बादलीभर म्हणजे १० किलो. आणि झाऱ्याने काढलेली मळी बाहेर एका पिंपात पडली होती. ती तोलली, २२ किलो भरली. तिच्यातली १०० ग्रॅम आम्ही शाळेत नेऊन मंद आचेवर कोरडी केली; मागे २७ ग्रॅम उरले. म्हणजे मळीत सुमारे ५.९ किलो घन पदार्थ गेले होते.

आता पुन्हा मांडू. १०७ किलो गुळात ९५ टक्क्यांप्रमाणे १०१.७ किलो घन. मळीत ५.९. बेरीज १०७.६. आत आले होते १०८. उरलेले ०.४ किलो काहिलीला आणि झाऱ्याला चिकटले, आणि थोडे गरम गूळ चाखणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पोटात गेले. भेंडीच्या पाण्यातले घन आणि मळीत आलेला उसाचा गाळ एवढ्याशा हिशेबात आम्ही सोडून दिले. वाफेचा आकडाही सुधारला: ६०० अधिक १० वजा १०७ वजा २२, म्हणजे ४८१ किलो.

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवला आहे, कारण पाठ्यपुस्तकात हिशेब नेहमी जुळतो आणि प्रत्यक्षात तो पहिल्या फेरीत कधीच जुळत नाही. न जुळणारा हिशेब म्हणजे चूक असे मुलांना वाटते. अभियंत्याला मात्र तो बातमीदार वाटतो. एखादी गळती, एखादी विसरलेली वाट, एखादे बिघडलेले मापन यांची खबर तोच देतो. कारखान्यात एखादा विषारी वायू नळातून झिरपू लागला, तर त्याची पहिली चाहूल कधी कधी अशाच ताळेबंदातल्या तुटीतून लागते. नाकाला वास त्यानंतर येतो.

चुलाणाचे पोट

द्रव्यासारखाच ऊर्जेचाही ताळेबंद असतो. ६०० किलो रस हिवाळ्यातल्या २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायचा तर दर किलोला दर अंशाला सुमारे ३.८ किलोज्यूल लागतात. म्हणजे साधारण १.७ लाख किलोज्यूल. त्यानंतर ४८१ किलो पाण्याची वाफ करायची. एका किलोला सुमारे २,२५७ किलोज्यूल या दराने १०.९ लाख किलोज्यूल झाले. एकूण १२.६ लाख. इथे मुलांना थांबवून विचारावे, की रस उकळायला लागेपर्यंतचा खर्च मोठा की उकळल्यानंतरचा? बहुतेक वर्ग चुकीचे उत्तर देतो. तापवणे स्वस्त आहे, आटवणे महाग आहे, सहापट महाग.

आता इंधन. ४०० किलो ओल्या चिपाडात कोरडा माल किती? आमच्या उसात तंतू सुमारे १४ टक्के धरले, म्हणजे १४० किलो. राहिलेला २६० किलो रस चिपाडातच अडकला. त्यात १८ टक्क्यांनी ४७ किलो घन. एकूण १८७ किलो. उन्हात पसरून पाणी १० टक्क्यांवर आणले की २०८ किलो वाळलेले चिपाड मिळते. किलोला सुमारे १५ हजार किलोज्यूल धरले तर ३१ लाख किलोज्यूल होतात.

गरज १२.६ लाखांची, हाती ३१ लाख. तरीही गुऱ्हाळाच्या कडेला बाभळीची लाकडे आणि तुराट्यांचा भारा ठेवलेला होता. कारण उघड आहे. चिपाडातल्या उष्णतेपैकी किमान ४० टक्के रसात शिरली तरच चिपाड पुरते, आणि जुन्या पद्धतीच्या एका काहिलीच्या चुलाणात तेवढी शिरत नाही. बाकीची धुरांड्यातून जाते.

ती कशी जाते हे पाहायला मोल या कल्पनेची गरज पडते. अकरावीपासून मुले मोल घोकतात, पण तो कशासाठी हे त्यांना ठाऊक नसते. चिपाडातला मुख्य पदार्थ सेल्युलोज. त्याचा एक घटक घेतला, म्हणजे कार्बनचे ६, हायड्रोजनचे १० आणि ऑक्सिजनचे ५ अणू, तर वजन १६२. त्याला जळायला ऑक्सिजनचे ६ रेणू लागतात, वजन १९२. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू निघतात, वजन २६४; आणि पाण्याचे ५, वजन ९०. आत ३५४, बाहेर ३५४. वजन जुळले. पण रेणू मोजा: आत ७, बाहेर ११! वजन टिकते, अणू टिकतात, रेणूंची संख्या टिकतेच असे नाही. आमच्या त्या मुलाची परीक्षेतली निम्मी गणिते नेमकी इथेच चुकली होती. तो मोलांचा ताळेबंद 'आवक बरोबर जावक' असा मांडत होता.

आता गंमत पाहा. सगळे चिपाड सेल्युलोजच आहे असे ढोबळपणे धरले, तर १८७ किलो कोरड्या चिपाडाला सुमारे २२० किलो ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने ऑक्सिजन २३ टक्के. म्हणजे हवा सुमारे ९६० किलो! टनभर उसाचे चिपाड जाळायला चुलाण जवळजवळ टनभर हवा ओढते. हवेला वजन असते हे आपण शिकवतो, पण टनाने हवा ओढणारे चुलाण मुलांनी कधी मनात आणलेले नसते. त्या हवेतला सुमारे ७४० किलो नायट्रोजन जळत नाही, जाळत नाही, नुसता तापतो आणि आपली उष्णता घेऊन निघून जातो. चुलाणाचे तोंड सताड उघडे ठेवले की जास्तीची हवा आत जाते आणि तीही तशीच पाहुणचार घेऊन जाते. जाळ घालणारा माणूस तोंडाशी पत्रा आडवा लावतो तो याचसाठी, मग त्याला हे गणित येत असो वा नसो.

एकाच वाफेला चार कामे

साखर कारखानाही तोच रस आटवतो. मग त्याला चिपाड पुरून उरते आणि त्यावर वीजही होते, हे कसे? गुऱ्हाळात ४८१ किलो वाफ आकाशात जाते, आणि तिच्याबरोबर आपण घातलेली सगळी उष्णता. ती वाफ पकडून तिच्यावरच दुसरी काहील तापवली तर? अडचण अशी, की पहिल्या काहिलीची वाफ आणि दुसऱ्या काहिलीतला उकळता रस जवळजवळ एकाच तापमानाचे असतात, आणि तापमानात फरक नसला की उष्णता वाहत नाही. यावर नॉर्बर्ट रिलियू या न्यू ऑर्लिन्सच्या अभियंत्याने १८४० च्या दशकात उपाय काढला. दुसऱ्या भांड्यातली हवा उपसून दाब कमी करायचा, की रस कमी तापमानाला उकळतो. तिसऱ्यात दाब त्याहून कमी. अशी चार भांडी लावली, की एक किलो वाफेच्या जिवावर चार किलोच्या आसपास पाणी उडवता येते. हा शोध लावणारा माणूस अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळातला कृष्णवर्णीय स्वतंत्र नागरिक होता, हेही वर्गात सांगायला हरकत नाही.

कमी दाबाला पाणी लवकर उकळते याचा पुरावा आपल्या दारातच आहे. लातूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. इथे शुद्ध पाणी १०० ला उकळत नाही, ९८ अंशांच्या जवळ उकळते. आमच्या शाळेत कित्येक वर्षे उष्णतामापी 'दोन अंश कमी दाखवतो' म्हणून बदनाम होते. बिचारे खरे बोलत होते.

उलट, पाण्यात साखर विरघळली की उत्कलनबिंदू वर सरकतो. रस आटत जातो तसतसा पाक अधिकाधिक तापतो, आणि गूळ उतरवायची वेळ येते तेव्हा तापमान ११६ ते ११८ अंशांच्या आसपास असते. म्हणजे काहिलीतला उष्णतामापी खरे तर पाकातले पाणी मोजत असतो. गुळवेमामांकडे उष्णतामापी नव्हता. ते थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून त्याची गोळी बोटांत दाबून पाहत. आम्ही उष्णतामापी धरून बसलो होतो. मामांनी "उतरवा" म्हटले तेव्हा पारा ११७ वर होता.

वर्गात काहील आणता येत नाही, पण पातेले आणता येते. २०० ग्रॅम साखर आणि ८०० ग्रॅम पाणी घ्यावे. एकूण वजन ५०० ग्रॅम होईपर्यंत उकळावे. द्रावण आता किती टक्के झाले? मुलांना आधी उत्तर लिहायला लावावे (४० टक्के), मग दर थोड्या वेळाने वजन आणि तापमान टिपून आलेख काढावा. पातेले मात्र रिकामे असताना तोलायला विसरू नये. आम्ही एकदा विसरलो होतो.

रेघ कुठे काढायची

संध्याकाळी वही मिटताना गुऱ्हाळाचे मालक म्हणाले, "गुरुजी, काहिलीतनं चारशेऐंशी किलो पाणी गेलं ते तुम्ही मोजलं. रानातनं गेलं ते?"

हा प्रश्न आमच्या भागात साधा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली, तिला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींच्या गाडीने एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास धरून भागाकार केला, तर माणशी सहा लिटर येतात. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनाचे माप धरले, तर रोज ५.४ कोटी लिटर हवेत. म्हणजे तशा एकवीस-बावीस गाड्या, रोज. गाडीने लोकांना तगवले यात शंका नाही. पण हिशेबात तिची जागा कुठे आहे हेही कळले पाहिजे.

यात एककांचाही गोंधळ आहे. वर्तमानपत्रे धरणाचे पाणी टीएमसीत देतात, रेल्वेचे लिटरमध्ये, शेतीचे एकर-इंचांत. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. त्याचे होतात सुमारे २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे २,८३० कोटी लिटर. २५ लाख लिटरची रोज एक गाडी धरली तर एक टीएमसी वाहून आणायला सुमारे ३१ वर्षे लागतील. एकके एकाच भाषेत आणल्याशिवाय बेरीज-वजाबाकी करायची नाही, हा नियम मुलांच्या अंगवळणी पाडायला एवढे एक उदाहरण पुरते.

आता धनेगावच्या मांजरा धरणाभोवती तुटक रेघ काढू. उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. शहराची वर्षाची गरज, वरच्याच मापाने, २० दशलक्ष घनमीटरहून थोडी कमी. म्हणजे कागदावर एक भरलेले धरण एकट्या शहराला जवळजवळ नऊ वर्षे पुरावे. ते पुरत नाही. अर्थात दुसऱ्या वाटा आहेत. शेतीचे पाणी ही एक. बाष्पीभवन ही दुसरी, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. समजा, ऐन उन्हाळ्यात पाण्याची पातळी केवळ उन्हावाऱ्याने दिवसाला ८ मिलिमीटर उतरते. मग एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून रोज ८ हजार घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर उडतात. मिरजेच्या तीन गाड्यांहून जास्त, आणि तेही एका चौरस किलोमीटरमागे. आवकेची वाट मात्र एकच आहे, पाऊस, आणि तो ओळीने दोन-तीन वर्षे कमी पडला की बाकी शून्यावर येते.

मग मालकांचा प्रश्न. टनभर उसात पाणी किती? रसातले ४९२ आणि चिपाडातले २१३, मिळून ७०५ किलो. हे पाणी साखर कारखाना वाफेतून परत मिळवू शकतो, आणि नीट चालवला तर त्याची बरीचशी गरज उसाच्याच पाण्यावर भागते. तेव्हा रेघ कारखान्याभोवती काढली तर ऊस पाणी घेऊन येतो. रेघ रानाभोवती काढा. पाटाने भिजवलेल्या हेक्टरभर उसाला समजा २० हजार घनमीटर पाणी दिले आणि १०० टन ऊस आला. टनाला २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर झाले. त्यातले उसासोबत बाहेर पडले ७०० लिटर. बाकी पानांतून, मातीतून हवेत गेले किंवा खाली मुरले. आमच्या १०७ किलो गुळावर हे वाटले तर किलोमागे सुमारे १,९०० लिटर येतात.

यावर मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि ठिबकवर?" ठिबकने मातीतून उडणारे आणि मुरणारे पाणी बरेच वाचते. पानांतून जाणारे मात्र पिकाला द्यावेच लागते, ते वाचवता येत नाही. याहून नेमका आकडा त्यांच्या रानात मोजल्याशिवाय सांगू नये असे आम्हांला वाटले, आणि तसे त्यांना सांगितले. उसावरून आमच्याकडे वाद पुष्कळ होतात. दोन्ही बाजूंचे लोक खरे आकडे देतात, पण रेघ वेगवेगळ्या जागी काढलेली असते, आणि ती कुठे काढली ते कोणीच बोलून दाखवत नाही.

तो मुलगा सुट्टी संपवून परत गेला. जाण्यापूर्वी आठवडाभर तो आमच्या नववीच्या वर्गात आला आणि मुलांना घेऊन त्याने आपल्या तालुक्यातल्या घरणी प्रकल्पाचा असाच चौकोन फळ्यावर काढला. पाऊस, ओढे, कालवा, नळयोजना या वाटा मुलांनी भराभर सांगितल्या. बाष्पीभवनाच्या बाणावर आकडा लिहायची वेळ आली तेव्हा कोणाकडेच काही नव्हते. म्हणून शाळेच्या गच्चीवर एक पसरट घमेले ठेवले, त्यात पट्टी उभी केली आणि रोज सकाळी साडेआठला पातळी टिपायचे ठरले. पहिल्या दिवशी पाणी चार मिलिमीटर उतरले. दुसऱ्या दिवशी एकदम अकरा. हवा तर तशीच थंड होती. मुलांनी पुन्हा पट्टी पाहिली, घमेले गळते का ते पाहिले. तिसऱ्या दिवशी दोघे जण पहाटेपासून टाकीच्या आडोशाला दबा धरून बसले, तेव्हा साळुंक्यांचा थवा अंघोळीला उतरलेला सापडला. आता वर तारेची जाळी बसवली आहे, आणि वहीत त्या दिवसाच्या रकान्यात मुलांनी 'जावक: साळुंक्या, ७ मि.मी.' अशी नोंद करून ठेवली आहे.